चर्चा: खाजनात उगवलेली खारफुटी शेतकऱ्याला तोडू द्यावी का?

बांधकरी:
माझं उत्तर: हो, द्यावी. आता घाला शिव्या.

गोव्याबाहेरच्यांसाठी आधी थोडं. मांडवी, झुआरी अशा नद्यांच्या खाऱ्या पट्ट्यात मातीचे बांध घालून भरतीच्या तोंडून सोडवलेली जमीन म्हणजे खाजन. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची ही विद्या. बरीचशी खाजनं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. बांधात मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला उघडून बाहेर पडतं. ना पंप, ना वीज. आत पोय, म्हणजे खोलगट तळं, तिथे मासळी. पावसाने जमिनीतलं मीठ धुतलं की कोरगुट पेरायचं, खारेपणा सोसणारं भात.

आता बांधाला खांड पडली, ती कुणी बुजवली नाही, खारं पाणी आत शिरलं की काही वर्षांत तिथे खारफुटी. आणि खारफुटी आली की सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगत काय करावं-करू नये ते ठरवणारे नियम. खारफुटी त्यातल्या सर्वांत कडक वर्गात, 'एक-अ' मध्ये. 1000 चौरस मीटरहून जास्त पसरली तर भोवती आणखी 50 मीटरचा पट्टाही त्याच वर्गात. म्हणजे माझ्या आजोबांच्या शेतात मी कोयता घेऊन उतरलो तर गुन्हेगार. बांध फुटका ठेवणारा मात्र मोकळा.

मांडवीकाठ:
शिव्या नाही, पण विरोध आहे. खारफुटीच्या मुळांत कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं वाढतात. तुमच्या पोयीतली मासळी काय आकाशातून पडते? शिवाय या झाडांखालच्या चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे पानं-मुळं नीट कुजत नाहीत आणि त्यांतला कार्बन शेकडो वर्षं गाडलेला राहतो. यालाच हल्ली नील कार्बन म्हणतात. झाड तोडून चिखल उघडा केलात की तो परत हवेत.

आणि खरं बोलू? आज 'शेतीसाठी' परवानगी, उद्या तिथे भरावाचे ट्रक. पडीक खाजनाचं पुढे काय होतं ते पणजीच्या आजूबाजूला डोळ्यांनी पाहिलंय. ती झाडं आहेत म्हणून तरी जागा शाबूत आहे.

बांधकरी:
भरावाला मीही विरोधच करतो. 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमं होती: खाजनात विकासकाम नको, आणि खाजनासाठी व्यवस्थापन आराखडा करा. भराव अडवायला ते कलम वापरा ना! शेतकऱ्याला चौकीदार म्हणून फुकट का राबवता? आणि बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला असलेली खारफुटी आम्हालाही हवी. ती लाटांचा मार खाते, बांध टिकतो. माझं म्हणणं आतल्या खारफुटीबद्दल आहे.

भाटकारबाब:
दोघेही झाडावरच भांडताय. बांध का फुटतात ते विचारा की. पूर्वी गांवकरी, म्हणजे गावाची जमीन सामायिक सांभाळणारी संस्था (नंतरची कोमुनिदाद), बांध राखायची. 1964 चा कूळ कायदा आला, 1976 ला पाचवी दुरुस्ती, जमीन कुळांच्या नावावर झाली. (झाली ते योग्यच झालं, माझ्या नावातला 'भाटकार', म्हणजे जमीनदार, वाचून गैरसमज नको.) बांधाचं काम शेतकऱ्यांच्या संघटनांकडे गेलं, मानशीच्या पावणीचा, म्हणजे तिथली मासळी धरण्याच्या लिलावाचा, पैसाही. पावणी घेणाऱ्याला कोळंबी हवी, म्हणून तो नको तेव्हा झडप उघडी ठेवतो आणि खारं पाणी आत घेतो. त्या जोरदार धारेने काठ खचतात, शेत खारं होतं. भातापेक्षा पोयीत पैसा जास्त, मग ओरडणार कोण? आमच्या गावात तर ओरडणारे आणि पावणी घेणारे एकाच घरातले.

हवामान_वाचक:
एक उपप्रश्न. भातखाचरातून मिथेन निघतो, तोही तापमान वाढवणारा वायू. मग खारफुटीच बरी नाही का?

बांधकरी:
खाऱ्या मातीत सल्फेट, म्हणजे समुद्राच्या पाण्यातला एक क्षार, असतं, त्यामुळे मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं फारसं चालत नाही. पावसाळ्यात गोडं पाणी भरलं की थोडा निघेल, मान्य. पण त्या हिशेबाने मग सगळ्या जगानेच भात सोडावा.

मांडवीकाठ:
'आतली' कुठली हे ठरवणार कोण? पंधरा वर्षं पाणी आत असेल तर तो भाग आता नदीच.

बांधकरी:
एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यात, 'खाजन' असा वेगळा रकाना आहे. तो बघा.

मांडवीकाठ:
रकाना कागदावर आहे, तिथे वाढलेलं जंगल जमिनीवर. माझी अट सांगते: आधी बांध आणि मानस दुरुस्त करा, एक पावसाळा खारं पाणी बाहेर ठेवून दाखवा, मगच आतल्या झाडांचा अर्ज करा. फुटका बांध तसाच ठेवून कोयता मागणाऱ्याचा अर्ज परत पाठवावा.

भाटकारबाब:
अट चांगली आहे, बाय. फक्त बांध दुरुस्त करायला माती न्यायची वाट आता त्याच खारफुटीतून जाते. तिची परवानगी कोण देणार?