नेकच्या टाचेत धातूची चकती हवीच

गिटारच्या बॉडीत मागून छिद्र पाडून आट्यांची बुशी बसवावी आणि ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) ॲलन कीने फिरवून नेकचा कल बदलावा, ही या चर्चेत सुचवली गेलेली पद्धत योग्यच आहे. मात्र फेंडर या गिटार कंपनीच्या मूळ रचनेत नेकच्या टाचेत (बॉडीच्या खोबणीत बसणाऱ्या भागात), स्क्रूच्या टोकासमोर, धातूची चकतीही असते, तिचा उल्लेख चर्चेत राहून गेला आहे. मी ती अनावश्यक समजून वगळली होती आणि तिसऱ्यांदा कल बदलताना स्क्रूचे टोक नेकच्या मेपल लाकडात चांगलेच रुतले, तेव्हा सीताबर्डीतून पितळी पट्टी आणून तिची चकती कापून बसवावी लागली.

स्क्रू फिरवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंचे नेकचे स्क्रू सैल करावेत आणि एका वेळी पाव फेराच द्यावा, कारण टाच केवळ अर्धा मिमी उचलली तरी, खोबण 70 मिमी लांब आणि तिच्या पुढच्या कडेपासून ब्रिज 255 मिमी दूर धरल्यास, सॅडल (ब्रिजवरचे तारांचे आधार) सुमारे 1.8 मिमी वर घ्यावे लागतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात नेकचा बाक बदलतो (माझ्याकडे दरवर्षी बदलतो), त्यावर मात्र हा उपाय नव्हे. तिथे ट्रस रॉडच (नेकच्या आतली धातूची सळई) फिरवावा लागतो.