घर बदललं, पण मोत्या जुन्याच गल्लीत अडकलाय. काय करू?

मोत्याची_आई:
महिन्यापूर्वी साखर पेठेतलं भाड्याचं घर सोडून जुळे सोलापूरला आलो. मोत्या आमचा गावठी कुत्रा, सहा वर्षांचा. परवा स्कूटरवर पुढे बसवून त्याला पेठेत नेलं, तर गल्लीच्या तोंडालाच उडी मारून थेट जुन्या दारात! पंजाने दार खरवडलं, उघडेना म्हणून पायरीवर आडवा. नवीन भाडेकरू ताई बघतच राहिल्या. शेवटी उचलून आणला. इथे नीट जेवत नाही. त्यात डॉक्टरांच्या गल्लीचं वळण आलं की रस्त्यातच फतकल मारतो. तिकडे न्यायचं पूर्ण बंद करू का?

एकच_कडक_भाकरी:
चार दिवस बांधून ठेवा, विसरतंय.

होटगीरोडकर:
बांधू नका हो ताई, जास्त बिथरेल. आमची राणी जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतल्या शोभेच्या दारूला होम मैदानाजवळ घाबरली होती. जूनमध्येसुद्धा त्या कोपऱ्यावर शेपूट पायात. मैदान रिकामं, आवाज नाही, तरी! जागा आणि भीती तिच्या डोक्यात एकत्र बसलीय.

तुमच्याकडे उलटं झालंय, जागा आणि सुख एकत्र. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी २० कोटींच्या वर, आपल्या ५०-६० लाख. तुम्हाला नवीन घरात फरशी आणि रंग दिसतो, त्याला मात्र ‘इथे माझं कुणीच नाही’ असा वास येतो. त्याची जुनी चादर न धुता त्याच्या कोपऱ्यात टाका. जेवण आणि फिरणं जुन्याच वेळेला. आणि महिना-दोन महिने पेठेकडे नेऊ नका, कायमचं बंद करायची गरज नाही.

नाक_वर_करून:
डॉक्टरांच्या वळणाचं सांगतो. तिथे दर वेळी सुईच टोचली जात असेल तर तो थांबणारच. आठवड्यातून दोनदा नुसतंच त्या बाजूला न्या. जिथे तो बसतो त्याच्या दहा पावलं आधी थांबा, भाकरीचा तुकडा द्या, परत फिरा. जमलं की दोन पावलं पुढे. ओढायचं अजिबात नाही. नंतर दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन, आत न जाता आणा. (शेंगाचटणी लावून देऊ नका, लसूण कुत्र्याला बाधतो.) आणि फिरवणं सकाळी सातच्या आत, आपल्या उन्हात डांबराने पंजे पोळतात.

अजून एक, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आजच घाला. चेक देशातल्या एका अभ्यासात (तो २०२० साली छापून आला) २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस बांधून जंगलात सोडलं होतं. काही जण गेलेल्या वाटेने वास घेत आले, काहींनी आधी उत्तर-दक्षिण साधारण २० मीटर पळून मग नवीनच वाटेने मालक गाठला. म्हणजे स्कूटरवरून आणलाय, वाट माहीत नसेल, या भरवशावर गेट उघडं ठेवू नका.

मोत्याची_आई:
बिल्ला आणते. पण होटगीरोडकर दादा, ती चादर मी आज सकाळीच धुतली! सामानाबरोबर आली तेव्हापासून घाण वास येत होता.

होटगीरोडकर:
अरेरे. तोच तर वास! पेठेतल्या घरी वापरलेली, अजून न धुतलेली काही असेल तर बघा. पायपुसणं, उशीचा अभ्रा, काहीही.

मोत्याची_आई:
सासूबाईंचं जुनं लुगडं आहे, मोत्या त्यावरच झोपायचा. माळ्यावर बांधून ठेवलंय. काढते आत्ता.