अर्धा नर, अर्धी मादी असलेला काडीकीटक आणि एक पिवळी मादी: वाळवताना रंग कसा टिकवायचा?

हरितपृष्ठ
हेटेरोप्टेरिक्स डायलाटाटा या काडीकीटकाच्या एका पिलाने शेवटची कात टाकली. डावी बाजू मादीची आहे: हिरवी, रुंद, आखूड पंखाची. उजवी सरळसरळ नराची: तपकिरी, सडपातळ, लांब पंखाची. त्याच अंड्यांमधली एक मादी हिरवी न होता पिवळी निघाली. दोन्ही जिवंत आहेत. वाळवल्यावर हिरवा रंग काळपट तपकिरी पडतो, म्हणजे दोन बाजूंमधला फरकच पुसला जाणार. कधी मारावं, पोट कसं साफ करावं, अ‍ॅसिटोन वापरावं का?

पर्णपाद
काडीकीटकाचा रंग मुख्यतः कवचाखालच्या पेशींमध्ये असतो. पेशी कुजल्या की रंग गेला. त्यामुळे सगळा खेळ वेगाचा आहे.

कात टाकल्यावर आठ-दहा दिवस थांबा, कवच कडक होऊ द्या. आपोआप मरेपर्यंत मात्र थांबू नका. तोवर पाय तुटतात, पंख फाटतात, आणि रात्री मेलेला किडा सकाळपर्यंत आतून काळा पडायला लागलेला असतो. आदल्या दिवशी चारा बंद करा, फक्त पाणी फवारा. मग तासभर फ्रिजमध्ये आणि त्यानंतर उणे १८ ते २० अंशांवर २४ तास.

बाहेर काढल्यावर वितळला की लगेच पोट साफ करायला घ्या. गोठण्याने आतडं फुटलेलं असतं आणि त्यातला रस पेशी खातो. पोटाच्या कडेला पाठीचे आणि पोटाचे पट्टे जोडणारा मऊ पडदा असतो, तो बारीक कात्रीने दुसऱ्या ते सहाव्या खंडापर्यंत उघडा. चिमट्याने आतडं, अंडाशय, चरबी सगळं काढा. चरबी राहिली तर काही महिन्यांनी तेल पाझरतं आणि हिरवा भाग डागाळतो. आतून कोरड्या कापसाने टिपा, मग कापसाची पातळ वळकटी भरा. फुगेपर्यंत भरू नका, खंड ताणले की खोटी जाडी दिसते.

सातव्या खंडापुढे कात्री नेऊ नका. नर-मादीचे अवयव तिथे आहेत आणि या नमुन्याची खरी किंमत तिथेच आहे.

कातकाल
आधी खात्री. तुमच्या वर्णनात शंकेला जागा कमी आहे, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो: एक पाय लहान दिसला की लोक गायनॅन्ड्रोमॉर्फ (अर्धा नर, अर्धी मादी असलेला जीव) म्हणून मोकळे होतात. पुन्हा उगवलेला पायही लहानच असतो. पावलाचे खंड मोजा. मूळ पायाला पाच, पुन्हा उगवलेल्याला चार. तुटलेल्या मिशीच्या जागी पायासारखं काहीतरी उगवणंही काडीकीटकांत घडतं. खऱ्या नमुन्यात पंख, पोटाचं टोक, मिशा, रंग यांतल्या अनेक गोष्टी एकाच बाजूला एकत्र बदलतात. मोझेक (नर-मादीचे भाग अंगभर विखुरलेला) असेल तर ठिपक्याठिपक्यांनी. २०२२ साली बातम्यांत आलेल्या डायाफेरोडिस जायगँटिया या काडीकीटकात हिरव्या मादीच्या अंगावर नराचा तपकिरी पंख होता.

रंगाचंही तसंच. कॅरॉसियस मोरोसस हा काडीकीटक रात्री गडद आणि दिवसा फिका होतो, कारण त्याच्या पेशींतले तपकिरी कण जागा बदलतात. काळ्या पार्श्वभूमीवर वाढवला तर कायमचाही गडद होतो. तेव्हा जिवंतपणीच, दिवसा, राखाडी कार्ड आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या: वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, आणि पोटाच्या टोकाचा जवळून. वाळलेला नमुना कितीही चांगला उतरला तरी रंगाचा खरा पुरावा हाच.

दृढकवच
अ‍ॅसिटोनबद्दल: हिरव्यासाठी हो, पिवळ्यासाठी नाही. हिरवा रंग निळसर पित्तरंग आणि पिवळे कॅरोटिनॉइड यांच्या मिश्रणातून होतो, आणि कॅरोटिनॉइड अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात. पिवळ्या मादीला त्यात टाकलंत तर रंग बाटलीत जाईल. तिचं पोट साफ करून पंख्याच्या झोतात, ३५ ते ४० अंशांवर, सावलीत वाळवा. नंतर सिलिका जेलच्या डब्यात.

गायनॅन्ड्रोमॉर्फला अ‍ॅसिटोन द्यायचंच असेल तर १२ तास पुरे. द्रव पिवळा झाला की काढा. त्याआधी पाय आणि मिशा मांडून घ्या, बाहेर आल्यावर काही मिनिटांत सगळं ताठ होतं. मांडणीसाठी लाकडाची किंवा बुचाची पट्टी घ्या. थर्माकोल विरघळतो, प्लास्टिकच्या डोक्याच्या पिनाही. काचेची झाकणाची बरणी, उघडी खिडकी, जवळपास ज्योत नको.

हरितपृष्ठ
मग नेहमीसारखी पिन उजव्या बाजूला टोचू का? आणि पंख?

पर्णपाद
टोचूच नका. इथे दोन्ही बाजू पुरावा आहेत आणि मधली रेषा तर सर्वांत जास्त. आडव्या पिनांचा आधार देऊन वाळवा, नंतर छातीच्या खाली पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थेंब लावून कार्डावर बसवा. पंख दोन्ही बाजूंचे पसरा. एका बाजूचेच पसरायची सवय इथे सोडा.

वाळवण्याआधी मधला एक पाय काढून ९५ टक्के इथेनॉलमध्ये फ्रीझरला ठेवता आला तर डीएनएची सोय होते, पण दोन्ही बाजूंचे ऊतक हवे असतील तर दोन पाय लागतील. अख्खा किडा अल्कोहोलमध्ये ठेवू नका, रंग उरत नाही.

कातकाल
लेबलवर वंश कुठून आला, पिढी, अंड्यांचं तापमान, चारा, शेवटच्या कातीची तारीख आणि जिवंतपणीचा रंग, हे सगळं पेन्सिलीने आम्लरहित कागदावर लिहा. पेटीत ठेवण्यापूर्वी नमुना हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे उणे २० अंशांवर ठेवा, वाळलेले नमुने खाणाऱ्या डर्मेस्टिड भुंग्यांच्या अळ्या मरतात. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. दव पिशवीच्या बाहेर धरलं पाहिजे, नमुन्यावर नाही. पेटी अंधारात ठेवा. शेवटची टाकलेली कात सापडली तर तीही त्याच नोंद-क्रमांकाने जपा, पंखांचे कोंब डावी-उजवीकडे वेगळे होते का ते तिच्यावरून कळतं.