ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ग्लोव्हज घातले की पित्त उठतं, आता शिंका पण सुरू

परळची_सिस्टर:
आधी नुसती मनगटाला खाज यायची, वाटलं सारखं हात धुवून होत असेल. आता ग्लोव्हज घातले की लगेच लाल गांधी आणि परवा तर मी घातलेच नव्हते, बाजूच्या सिस्टरने पावडरवाले फटकन काढले आणि मला शिंकांवर शिंका, डोळे लाल, छातीत घरघर. आई म्हणते पित्त आहे, आमसुलाचं पाणी लाव. इन्चार्ज म्हणतात दोन-दोन घाल. कोणाला झालंय का असं?

भूलवाला:
सिस्टर हे आमसुलाचं काम नाही. हात कोरडे पडणं, भेगा हे साबणानेही होतं. एक-दोन दिवसांनी पुरळ आलं तर बहुतेक रबरातल्या केमिकलचं, ती केमिकल काही नायट्राइलच्या (कृत्रिम रबराच्या) ग्लोव्हजमध्ये पण असतात. पण मिनिटांत गांधी आणि वर घरघर म्हणजे लेटेक्सच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासूनच्या रबराच्या, प्रोटीनचीच अॅलर्जी धरून चालायचं. ग्लोव्हजची पावडर म्हणजे मक्याचं स्टार्च, त्याला हे प्रोटीन चिकटतं आणि हवेत उडतं, म्हणून न घालता त्रास. अमेरिकेत पावडरवाले २०१७ पासून बंद केलेत. लेटेक्सच्या अॅलर्जीसाठी रक्ताची आयजीई टेस्ट करा, पण ती निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. प्रिक टेस्ट (त्वचेला टोचून करतात ती) जिथे अॅड्रेनलिन, म्हणजे जोरदार रिअॅक्शनवरचं इंजेक्शन, हाताशी असेल तिथेच.

ठाण्याची_मेघा:
केळं, किवी, अॅव्होकाडो खाऊन तोंड खाजतं का गं?

परळची_सिस्टर:
अगं हो, केळ्याने जीभ खाजते म्हणून शिकरण कधीच सोडलंय, याचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही!

ठाण्याची_मेघा:
मग संबंध आहेच बहुतेक, या फळांतली काही प्रोटीनं लेटेक्सच्या प्रोटीनसारखीच असतात. मेट्रनना (मुख्य नर्सना) लेखी दे, तोंडी सांगितलं की हो-हो करतात आणि स्टोअरमधून तेच खोके येतात. तुला एकटीला नायट्राइल देऊन भागणार नाही, त्या ओटीत सगळ्यांचेच बिनपावडरचे हवेत. खोक्यावर 'हायपोअॅलर्जेनिक' लिहिलंय म्हणून फसू नकोस, आत लेटेक्स असू शकतं.

भूलवाला:
बरोबर. आणि श्वास अडकला, बीपी पडलं तर नुसतं एव्हिल-हायड्रोकॉर्ट (अॅलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन) देत बसू नका, आधी अॅड्रेनलिन ०.५ मिग्रॅ मांडीत, बाहेरच्या बाजूला. सोबतच्यांना आजच सांगून ठेवा. स्वतःचं ऑपरेशन, डिलिव्हरी, दाताचं काम काहीही असो, आधी सांगायचं.

परळची_सिस्टर:
आणि रक्त घेताना बांधतो ती रबराची नळी?

भूलवाला:
ती पण लेटेक्सचीच असते बऱ्याचदा. लघवीच्या कॅथेटरचंही तेच, सिलिकॉनचं मागवा.