ऑफर नाही, ओपीटीची तारीख कुठली टाकावी?

टपालपेटी:
अमेरिकेत एमएस (कॉम्प्युटर सायन्स) संपतंय. आय-२० वर (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा कागद) कोर्सची शेवटची तारीख १५ मे आहे आणि ऑफर अजून नाही. ओपीटी (शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी) कधीपासून मागावी? आणि नोकरीच्या अर्जातल्या 'स्पॉन्सरशिप लागेल का' (म्हणजे कंपनीला तुमच्यासाठी व्हिसा मागावा लागेल का) याला 'नाही' लिहा, निदान मुलाखत तरी होते, असं ग्रूपवर सांगतात. लिहावं का?

उंबरठा:
तारीख शक्य तितकी पुढची घ्या. कोर्स संपल्यापासून ६० दिवसांतली चालते, म्हणजे तुम्हाला १४ जुलैपर्यंत. बेकारीचे जास्तीत जास्त ९० दिवस चालतात, ते ओपीटी सुरू झाल्यापासून मोजतात, शनिवार-रविवार धरून. अर्ज मात्र लांबवू नका, तो १४ फेब्रुवारीपासून करता येतो. डीएसओने (विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) सेव्हिसमध्ये (अशा विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) शिफारस टाकल्यापासून ३० दिवसांत आय-७६५ (कामाच्या परवानगीचा फॉर्म) यूएससीआयएसकडे (इमिग्रेशन खातं) पोचायलाच हवा. शिफारस घाईने मागायची आणि फॉर्म निवांत भरायचा, यात अर्ज नाकारले जातात.

खडूफळा:
'नाही' मुळीच लिहू नका. प्रश्न दोन असतात. 'काम करायची परवानगी आहे का?' ओपीटीवर असताना हो. 'आत्ता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का?' याचंही उत्तर हो. खोटं लिहून आत शिरलात तर एच-१बी (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) मागायच्या दिवशी तोच अर्ज तुमच्यासमोर ठेवला जाईल. त्यापेक्षा रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगा: १२ महिने ओपीटी, वर स्टेमचे (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित शिकलेल्यांना मिळणारी वाढ) २४, मग एच-१बी. बऱ्याच जणांना हा हिशोब ठाऊकच नसतो.

कंपन्या शोधायला अमेरिकी कामगार खात्याचा एलसीए (एच-१बीआधी कंपनीने त्या खात्याकडे करायचा अर्ज) डेटा उघडा. कुठल्या शहरात, कुठल्या पदासाठी, किती पगारावर अर्ज केला ते त्यात दिसतं. नुसतं कंपनीचं नाव बघून हुरळू नका. सगळे अर्ज सीनियर पदांचे असतील तर फ्रेशरला उपयोग शून्य. पगाराची लेव्हलही (१ सगळ्यात खालची, ४ सगळ्यात वरची) बघा. २०२६ च्या नोंदणीपासून एच-१बीच्या लॉटरीत लेव्हल १ ला एक चिठ्ठी, लेव्हल ४ ला चार. लेव्हल पद आणि ठिकाणावरून ठरते, म्हणून तोच पगार महागड्या शहरात लेव्हल १ आणि स्वस्त शहरात लेव्हल २ भरू शकतो. विद्यापीठांच्या नोकऱ्यांना लॉटरीच नाही, तिकडेही अर्ज टाका.

सुतळी:
जॉइन होण्याआधी एचआरला एकच विचारा, कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायची सरकारी यंत्रणा) आहे का? नसेल तर स्टेमचे २४ महिने तिथे मिळणार नाहीत. आय-९८३ वर (स्टेमसाठी भरायचा प्रशिक्षणाचा आराखडा) तुम्हाला खरंच शिकवणारा, देखरेख करणारा माणूस दाखवावा लागतो. 'पेरोलवर घेतो, प्रोजेक्ट नंतर बघू' म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीकडे तोच नसतो.

टपालपेटी:
९० दिवसांत नाहीच मिळाली तर बिनपगारी चालेल?

उंबरठा:
पहिल्या १२ महिन्यांत चालेल, स्टेममध्ये नाही. काम तुमच्या विषयातलं आणि आठवड्याला किमान २० तासांचं हवं, शिवाय तिथल्या कामगार कायद्यात बसणारं. कामाचे तास लिहिलेलं पत्र घेऊन ठेवा आणि १० दिवसांत सेव्हिप पोर्टलवर (ओपीटीवाल्यांनी नोकरीची माहिती द्यायची सरकारी वेबसाइट) नोंद करा. तिथे नोंद नसेल तर काम करत असूनही बेकारीचे दिवस वाढत राहतात.