मदत हवी आहे: देवस्थानाच्या ईमेलना डीकेआयएम सही लागत नाही

फोंडा_मेल:
फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाचा मेल सर्व्हर सांभाळतो. डेबियन, पोस्टफिक्स (मेल पाठवणारा प्रोग्राम), ओपनडीकेआयएम (पत्र आपल्याच डोमेनचे आहे हे दाखवणारी डीकेआयएम ही डिजिटल सही टाकणारा प्रोग्राम). एसपीएफ (आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) आहे. २०४८ बिटची किल्ली तयार करून डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत, टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड घातला, पण ओपनडीकेआयएम-टेस्टकी ही किल्ली तपासणारी कमांड 'रेकॉर्ड नॉट फाउंड' म्हणते. वेबसाइटवरून जाणाऱ्या अभिषेकाच्या पावत्यांत तर सहीचा हेडरच नसतो. मुंबईच्या महाजनांना (देवस्थानाच्या सभासदांना) सभेच्या नोटिसा स्पॅममध्ये सापडतात. चतुर्थीआधी हे मार्गी लागायला हवे.

पर्वरीचा_पोस्टवाला:
दुखणी दोन आहेत, वेगवेगळी धरा.

आधी रेकॉर्ड. बहुतेक डीएनएस पॅनल नावाच्या रकान्यापुढे डोमेन स्वतःच जोडतात. तुम्ही तिथे डोमेनसकट नाव लिहिले असेल तर डोमेन दोनदा लागले. रकान्यात फक्त सिलेक्टर (किल्लीला दिलेले नाव), टिंब आणि अंडरस्कोर डोमेनकी एवढेच लिहा. मग डिग कमांडने बाहेरून विचारून पाहा. पॅनलमध्ये दिसते म्हणजे डीएनएसमध्ये आहे असे नाही.

सापडला की लांबी बघा. टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरेच मावतात आणि २०४८ बिटची सार्वजनिक किल्ली एकटीच ३९२ अक्षरांची. दोन अवतरणांत तोडून एकाच रेकॉर्डमध्ये घालायची, दोन रेकॉर्ड करायचे नाहीत. काही पॅनल स्वतः तोडतात, काही गुपचूप कापतात. सोपी खूण: किल्लीचा शेवट आय-डी-ए-क्यू-ए-बी असा हवा. नसेल तर शेपूट गेली. १०२४ वर उतरून सुटका करून घेऊ नका.

टेस्टकीने पुढे 'की नॉट सिक्युअर' म्हटले तर घाबरू नका, डीएनएससेक (डीएनएसच्या नोंदींवरची सही) नाही एवढाच त्याचा अर्थ.

आता पावत्या. पीएचपीचे मेल फंक्शन सेंडमेलमार्फत पत्र टाकते. ते एसएमटीपीडीतून (नेटवर्कवरून आलेली पत्रे घेणाऱ्या पोस्टफिक्सच्या भागातून) जातच नाही, त्यामुळे नुसते 'एसएमटीपीडी_मिल्टर्स' भरून भागत नाही. मिल्टर म्हणजे पत्र वाटेत हाताळणारा जोडप्रोग्राम, इथे ओपनडीकेआयएम. मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'नॉन_एसएमटीपीडी_मिल्टर्स'लाही तेच मूल्य द्या आणि पोस्टफिक्स रीलोड करा.

फोंडा_मेल:
नावात डोमेन खरेच दोनदा होते. आता नोटिसांना पास येते. पावत्यांसाठी मात्र लॉगमध्ये 'नो साइनिंग टेबल मॅच' दिसते.

पर्वरीचा_पोस्टवाला:
म्हणजे मिल्टरपर्यंत पत्र पोचले, अर्धे काम झाले. पावतीचा फ्रॉम पत्ता बघा. पीएचपीत तो दिला नसेल तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आणि सर्व्हरचे होस्टनेम लागते, आणि साइनिंग टेबल (कोणत्या पत्त्याच्या पत्रावर कोणत्या किल्लीने सही करायची याची यादी) फ्रॉमवरूनच जुळवले जाते. फ्रॉममध्ये देवस्थानाचे डोमेन द्या. टेबलात तारांकन वापरले असेल तर कॉन्फिगमध्ये फाइलच्या आधी 'रीफाइल:' हवे. नुसते 'फाइल:' असेल तर तारांकन अक्षरशः तारांकन म्हणून वाचले जाते.

मांडवीकाठ:
एक भर. 'मिल्टर_डिफॉल्ट_ॲक्शन' ॲक्सेप्ट असेल तर ओपनडीकेआयएम बंद पडल्यावर पत्रे सहीविना जात राहतात, कुणाला पत्ताही लागत नाही. सीझनमध्ये तेच बरे, पण लॉगवर नजर ठेवा: सही झालेल्या प्रत्येक पत्रामागे 'डीकेआयएम-सिग्नेचर फील्ड ॲडेड' येते. आणि नुसत्या 'पास'वर जाऊ नका. सहीतला 'डी=' (सही करणारे डोमेन) आणि फ्रॉममधले डोमेन जुळले तरच डीमार्कला (तपासणीत नापास पत्राचे काय करायचे हे सांगणाऱ्या नियमाला) ती सही चालते. डीमार्कचा रेकॉर्ड आधी 'पी=नन' (काही अडवू नका) ठेवून अहवाल मागवा.

फोंडा_मेल:
फ्रॉम बदलल्यावर पावत्यांवर सही आली. 'डी='ही आमचाच आहे. पण महाजनांच्या मेलिंग लिस्टवर टाकलेली नोटीस 'बॉडी हॅश डिड नॉट व्हेरिफाय' (सहीनंतर मजकूर बदलला) दाखवते. सहीची सेटिंग 'रिलॅक्स्ड' (ढिली) केली तर?

मांडवीकाठ:
उपयोग नाही. रिलॅक्स्डमध्ये जागा-टॅबचे फरक माफ होतात, लिस्टने खाली चिकटवलेली ओळ नाही. लिस्टची तळटीप आणि विषयात जोडला जाणारा कंस, दोन्ही बंद करा. तोवर डीमार्कमध्ये 'पी=रिजेक्ट' (नापास पत्र नाकारा) लावू नका, नाहीतर महाजनांपर्यंत नोटीसच पोचणार नाही.