मदत हवी आहे: ट्रकच्या ट्यूबवरचं सुडोकू चौथ्या ओळीला अडतंय

उभंआडवं (सोलापूर)
मंडळी, 22 डिसेंबरला, म्हणजे रामानुजन जयंतीला, भाचीच्या शाळेत गणिताचं प्रदर्शन आहे. तिला सुडोकू मांडायचंय, पण फुगवलेल्या ट्यूबवर. मोहोळच्या शेतात पोरं विहिरीत पोहायला शिकायची ती ट्रकची जुनी ट्यूब पडून होती. जुळे सोलापुरात आणली, पंक्चर काढलं, खडूनं 9 × 9 घरं आखली. ओळी लांबून गोल फिरतात, स्तंभ भोकातून आत जाऊन परत वर येतात. आतल्या अंगाची घरं पार चेपलीत, तिथं 3 आणि 8 सारखेच दिसतात, असो.

पेपरातलं सुडोकू तसंच गुंडाळलं तर खेळात काडीचा फरक पडत नाही. त्यावर भाची म्हणाली, "मामा, याला कडाच नाही, मग चौकट इथूनच सुरू होते हे कुणी ठरवलं?" म्हणून नियम केला: ओळीत 1 ते 9, स्तंभात 1 ते 9, आणि कुठंही 3 × 3 चा तुकडा धरला तरी 1 ते 9. असे तुकडे 81 होतात. तीन संध्याकाळी बसलोय. तीन ओळी झकास भरतात, चौथीला गाडी रुतते. माझं चुकतंय की हे होतच नाही? संगणकाला विचारा म्हणू नका, परीक्षकांना तिनं तोंडी सांगायचंय.

शेंगाचटणी
ट्यूब कशाला? सोलापुरात राहून टॉवेल सुचला नाही? एक पीळ देऊन टोकं शिवा, मोबियसची पट्टी तयार.

उभंआडवं
करून बघितलं हो. पीळ दिला की पहिली ओळ नवव्या ओळीला जाऊन मिळते, 18 घरांचा एकच फेरा, प्रत्येक अंक दोनदा. एकटी पाचवी तेवढी स्वतःला भेटते. परीक्षकांआधी मलाच घेरी येईल.

खडूफळा
होत नाही. ट्यूबचा दोष नाही, साध्या कागदावर 4 × 4 च्या कोपऱ्यातच तुमचा नियम मोडतो.

वरच्या तीन ओळी घ्या. स्तंभ 1-2-3 चा तुकडा पूर्ण, 2-3-4 चाही पूर्ण. मधले दोन स्तंभ दोन्हींत आहेत, म्हणजे पहिल्या स्तंभातले तीन अंक तेच चौथ्या स्तंभात, क्रम काहीही असो. एक ओळ खाली सरका, ओळी 2-3-4 यांनाही हेच लागू. आता अगदी कोपऱ्यात 5 आहे समजा. चौथ्या स्तंभात वरच्या तीन घरांत 5 हवाच. पण पहिल्या स्तंभात ओळी 2-3-4 मध्ये 5 नाही, म्हणून चौथ्या स्तंभातही त्या ओळींत नाही. उरली पहिली ओळ, आणि तिथं 5 आधीच बसलाय.

एका दिशेनं सरकायला मात्र वाव आहे. ओळी अशा भरा:

123456789
456789123
789123456

पुढच्या तीन 2, 5, 8 ने सुरू करा, शेवटच्या तीन 3, 6, 9 ने. या तिन्ही पट्ट्यांत लागून असलेले कुठलेही तीन स्तंभ धरा, 9 वरून 1 वर वळलात तरी, अंक पूर्ण. म्हणजे 81 पैकी 27 तुकडे पदरात. मग चौकटी विटांसारख्या रचा: दुसरा पट्टा एक घर सरकवून, तिसरा दोन. या दोन्ही पट्ट्यांतली एकेक चौकट सांध्यावरून पलीकडे जाईल. ट्यूबवर शोभेल असं सुडोकू हेच.

गुंडाळलेल्या तिरक्या रेषांचा नियम घालू नका. मग एका अंकाची 9 घरं म्हणजे बुद्धिबळातले एकमेकांना न मारणारे 9 वजीर, आणि अशा पटावर ते बसतच नाहीत. पटाची बाजू 2 किंवा 3 ने भागली जात असेल तर ते जमत नाही, हे गणितज्ञ पोल्यानं 1918 मध्ये दाखवलंय.

उभंआडवं
सर, पाया पडतो. भाचीनं कोपऱ्यातला 5 एका दमात समजावून दाखवला, मला दोनदा वाचावं लागलं. आता सुरुवातीला अंक किती द्यायचे? 17 पुरतात म्हणे.

खडूफळा
17 हा पेपरातल्या सुडोकूचा आकडा, 2012 मध्ये संगणकानं तपासलेला. विटांना तो लावू नका. 40 अंक ठेवून एकेक काढा, दरवेळी उत्तर एकच राहतंय ना बघा. त्याआधी अंकांची आपसात अदलाबदल करा, पट्ट्यातल्या पट्ट्यात ओळी हलवा, नाहीतर पोरं क्रम ओळखतील. स्तंभांना हात लावू नका, विटा ढासळतील.

उभंआडवं
33 वर आलोय. ट्यूबची हवा उतरतेय, उद्या परत पंक्चरवाल्याकडे.